मेथिलेशन: तपासणी, आहार आणि पुढची पिढी

एक कार्बन आणि त्याला जोडलेले तीन हायड्रोजन, एवढ्या चार अणूंच्या गटाला मेथिल गट म्हणतात. हा गट एका रेणूवरून काढून दुसऱ्या रेणूला जोडण्याची क्रिया म्हणजे मेथिलेशन. माणसाच्या पेशी-पेशीत ही क्रिया जन्माच्या कितीतरी आधी सुरू होते आणि शेवटपर्यंत थांबत नाही. नॉरअ‍ॅड्रिनॅलिनला मेथिल गट मिळाला की त्याचे अ‍ॅड्रिनॅलिन होते. झोपेचे वेळापत्रक सांभाळणाऱ्या मेलाटोनिनच्या घडणीतली शेवटची पायरीही हीच. काम झालेले हिस्टामिन निकामी करण्याचा एक मार्ग मेथिलेशनचा आहे. स्नायूंना लागणारे क्रिएटिन आणि पेशीच्या आवरणातले फॉस्फॅटिडिलकोलिन यांसाठी तर मेथिल गटांचा सर्वांत मोठा खर्च होतो. मांसाहारातून थोडे क्रिएटिन आयते मिळते. शाकाहारी माणसाला ते जवळजवळ सगळे स्वतःच्या शरीरात बनवावे लागते, म्हणजे त्याचा मेथिल गटांचा खर्च मुळातच जास्त. आणि ज्या कामामुळे हा विषय गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एवढा चर्चेत आला ते काम डीएनएवरचे आहे. डीएनएतील सायटोसिन या घटकावर मेथिल गट बसला, की त्या जागेच्या आसपासचे जनुक बहुधा मुके होते. जनुकाची अक्षरे तीच राहतात, त्याचे वाचन बदलते.

या सगळ्या कामांना मेथिल गट पुरवणारा रेणू एकच आहे: एस-अ‍ॅडेनोसिल मिथिओनिन, थोडक्यात ‘सॅम’. डाळी, दूध, अंडी, मासे यांतील प्रथिनांतून मिथिओनिन हे अमिनो आम्ल मिळते आणि त्यापासून पेशी सॅम बनवते. सॅमने आपला मेथिल गट देऊन टाकला, की एका मधल्या पायरीनंतर होमोसिस्टिन उरते. होमोसिस्टिनपुढे दोन वाटा असतात. त्याला नवा मेथिल गट मिळाला तर ते पुन्हा मिथिओनिन होते आणि चक्र पुढे चालते. नाहीतर बी-६ जीवनसत्त्वाच्या मदतीने त्याचे सिस्टिनकडे रूपांतर होते. नवा मेथिल गट येतो मुख्यतः फोलेटकडून. तो फोलेटकडून घेऊन होमोसिस्टिनला देणाऱ्या विकराला बी-१२ जीवनसत्त्वावाचून काम करता येत नाही. यकृतात आणि मूत्रपिंडात आणखी एक सोय आहे, ती बिटेनची. बिटेन गव्हात, पालकात, बिटात असते आणि अंड्यातल्या कोलिनपासूनही तयार होते. मात्र मेंदूत ही जादा सोय जवळपास नाही. त्यामुळे फोलेट आणि बी-१२ यांच्या तुटवड्याची झळ मज्जासंस्थेला अधिक बसते.

बी-१२ आणि फोलेट यांची ही जोडगोळी नीट समजली, तर पुढचे बहुतेक गोंधळ टळतात. फोलेट एकदा मेथिल गट घेऊन तयार झाले, की त्याला माघारी फिरता येत नाही. बी-१२च्या हाती तो गट सोपवल्यावरच ते मोकळे होते. बी-१२ नसेल तर बंद फाटकापुढे खोळंबलेल्या गाड्यांसारखे मेथिल-फोलेट साचत जाते आणि शरीरात फोलेट असूनही पेशीला ते वापरता येत नाही. याला ‘फोलेटचा सापळा’ म्हणतात. ही कल्पना १९६०च्या दशकात मांडली गेली. अशा माणसाला नुसते फॉलिक आम्ल भरपूर दिले तर रक्त सुधारते. फॉलिक आम्ल सापळ्याला वळसा घालून डीएनए घडवण्याच्या कामी येते, तांबड्या पेशी पुन्हा नीट तयार होतात, रक्तक्षय ओसरतो. पण मज्जारज्जूची झीज आतल्या आत चालूच राहते. पायाच्या मुंग्या, अंधारात तोल जाणे, विस्मरण ही लक्षणे मग उशिरा उघड होतात, आणि तोवर झालेले सगळे नुकसान भरून येतेच असे नाही. म्हणून बी-१२ न पाहता फॉलिक आम्लाचा मोठा डोस देऊ नये हा वैद्यकातला जुना नियम आहे. भारतासारख्या देशात तो नियम दवाखान्याच्या भिंतीवर लिहून ठेवावा इतका महत्त्वाचा आहे.

फोलेटच्या शोधाची सुरुवात मुंबईत झाली. लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब घरांतील गरोदर बायकांमध्ये एक तीव्र रक्तक्षय दिसत होता. त्यात तांबड्या पेशी लहान न होता उलट मोठ्या होत, आणि बाळंतपणाच्या आगेमागे बायका दगावत. विल्स यांनी जंतुसंसर्गाची शक्यता पडताळली आणि मग या बायकांच्या ताटाकडे लक्ष वळवले. त्यांच्या जेवणात फळे, भाज्या आणि प्रथिने अगदीच तुटपुंजी होती. तसाच निकृष्ट आहार माकडांना देऊन त्यांनी तोच रक्तक्षय माकडांत निर्माण केला आणि अनेक पदार्थ एकामागून एक देऊन पाहिले. यीस्टपासून बनणाऱ्या मार्माइट या स्वस्त पदार्थाने माकड सुधारले. मग तेच रुग्ण बायकांना दिले आणि त्यांचे रक्त काही दिवसांत भरू लागले. १९३१ साली हे काम ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आले. मार्माइटमधल्या त्या अनोळखी द्रव्याला पुढे बरीच वर्षे ‘विल्स घटक’ म्हणत. १९४१मध्ये पालकाच्या पानांतून वेगळे केलेल्या द्रव्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले. १९४५च्या सुमारास अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत, आंध्रातून गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली ते कृत्रिमरीत्या तयार झाले. बी-१२ हाती लागायला १९४८ उजाडले आणि त्याची अवघड रचना उलगडल्याबद्दल डोरोथी हॉजकिन यांना १९६४चे नोबेल मिळाले.

गिरणगावातल्या त्या बायकांना मेथिलेशन हा शब्द कुणी सांगितला नव्हता, सांगायची गरजही नव्हती. त्यांचे दुखणे आहारातले होते आणि ते आहारातल्याच वस्तूने बरे झाले. या विषयाच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा धडा आहे, आणि आजच्या महागड्या तपासण्यांच्या बाजारात तोच सर्वांत आधी विसरला जातो.

होमोसिस्टिनकडे डॉक्टरांचे लक्ष गेले ते एका दुर्मीळ आजारामुळे. १९६२ साली बेलफास्टमध्ये आणि अमेरिकेत, मतिमंदत्व असलेल्या काही मुलांच्या लघवीत या द्रव्याचे मोठे प्रमाण आढळले. अशा मुलांच्या रक्तवाहिन्या लहान वयातच खराब होत. १९६९मध्ये किल्मर मॅकुली यांनी म्हटले की होमोसिस्टिन थोडेसे वाढलेले असले तरी सामान्य माणसाच्या धमन्यांनाही ते घातक ठरत असावे. पुढच्या निरीक्षणांत ज्यांचे होमोसिस्टिन जास्त त्यांना हृदयविकार आणि पक्षाघात जास्त, असे पुन्हा पुन्हा दिसले. मग २००४ ते २००६ या काळात मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले आणि उत्साहावर पाणी पडले. जीवनसत्त्वांनी होमोसिस्टिन खाली आले खरे, पण हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. पक्षाघाताचे चित्र मात्र वेगळे राहिले. ‘होप-२’ चाचणीत पक्षाघात सुमारे चतुर्थांशाने घटले. चीनमध्ये रक्तदाबाच्या वीस हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रक्तदाबाच्या गोळीबरोबर फॉलिक आम्ल दिल्याने पहिला पक्षाघात २१ टक्क्यांनी कमी झाला. तिथल्या पिठात फॉलिक आम्ल घातलेले नव्हते, ही बाब इथे निर्णायक ठरते. ज्यांच्याकडे उणीव होती त्यांना लाभ झाला. ऑक्सफर्डच्या २०१०च्या एका लहान चाचणीत, स्मरणशक्ती किंचित उतरलेल्या वृद्धांना बी गटाची जीवनसत्त्वे दोन वर्षे दिली, तेव्हा त्यांच्या मेंदूचे आकसणे मंदावले. तेही ज्यांचे होमोसिस्टिन सुरुवातीला वाढलेले होते त्यांच्यात सर्वाधिक. पोट भरलेल्याला आणखी वाढून काही मिळत नाही, उपाशी माणसाला मिळते, एवढाच या आकड्यांचा अर्थ.

महाराष्ट्रात ही उणीव किती खोलवर आहे हे पुण्यातल्या कामामुळे कळले. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी मधुमेहाचे मूळ शोधत होते. १९९३ साली त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील विवाहित स्त्रियांची नोंद ठेवायला सुरुवात केली. त्या गरोदर राहिल्यावर त्यांचा आहार, वजन, रक्त तपासले आणि पुढे त्यांची मुले वाढताना पाहिली. बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा सरासरीने बरीच हलकी होती, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. कमी भरले होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. ‘बारीक पण चरबीदार’ भारतीय बाळ ही कल्पना इथून जगभर गेली. या आयांच्या रक्तात काय आढळले? दोन-तृतीयांश स्त्रियांचे बी-१२ कमी होते, बी-१२ अपुरे पडले की चढणारे मेथिलमॅलॉनिक आम्ल ९० टक्के स्त्रियांमध्ये वाढलेले होते, आणि फोलेट कमी असलेली स्त्री सगळ्यांत मिळून एकच सापडली. मुले सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. ज्यांच्या आईचे गरोदरपणात फोलेट चढे आणि बी-१२ उतरलेले होते, त्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती. २००८ साली प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष फोलेटच्या सापळ्याची आठवण करून देतो. एक जीवनसत्त्व पुरेसे आणि दुसरे अपुरे, या विषमतेची किंमत पुढच्या पिढीने मोजल्यासारखे ते चित्र आहे. एका निरीक्षणावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मात्र इथेच नोंदवले पाहिजे.

पुरुषांतही परिस्थिती निराळी नव्हती. पुणे परिसरातील खेडी, झोपडपट्ट्या आणि शहरी मध्यमवर्ग यांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६७ टक्क्यांचे बी-१२ कमी आणि ५८ टक्क्यांचे होमोसिस्टिन जास्त आढळले. बी-१२च्या उणिवेचा सर्वांत वाईट आकडा शहरी मध्यमवर्गाचा होता: ८१ टक्के. खाऊनपिऊन सुखी समजल्या जाणाऱ्या वर्गाचा हा आकडा मन अस्वस्थ करतो. ही उणीव गरिबीची खूण नाही हे त्यातून लख्ख दिसते.

कारण ताटात आहे. बी-१२ कुठलीही वनस्पती बनवत नाही, प्राणीही बनवत नाही. ते काही जिवाणूच बनवतात आणि जनावरांच्या शरीरातून ते माणसापर्यंत येते. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण अडीच मायक्रोग्रॅम लागते. आता पुण्या-साताऱ्याकडचे एक नेहमीचे शाकाहारी जेवण पाहावे: ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, मुगाची आमटी, भात, चटणी, वाटीभर ताक. फोलेटच्या दृष्टीने हे ताट चांगलेच आहे, मेथी आणि मूग दोन्ही फोलेटचे भरवशाचे स्रोत. बी-१२ मात्र त्यात फक्त ताकात आहे, आणि ताक म्हणजे पाणी घातलेले दही. शंभर मिलिलिटर दुधात बी-१२ अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आतबाहेर असते. दूध बराच वेळ उकळत ठेवले तर त्यातले काही नष्ट होते. दिवसाचे दोन कप चहा, त्यातले घोट-दोन घोट दूध, आणि हे ताक मिळून एक मायक्रोग्रॅमही भरत नाही. याउलट कोकणात आणि गोव्यात नेहमी खाल्ले जाणारे बांगडा, तारली हे मासे बी-१२ने समृद्ध असतात. शंभर ग्रॅम बांगड्यात कित्येक दिवसांची गरज भागते. आठवड्यातून एकदा, सणावाराला सोडून, मटण खाणारे घर मात्र स्वतःला मांसाहारी म्हणवत असले तरी या बाबतीत शाकाहारी घरापासून फार दूर नसते. आंबवलेल्या इडलीच्या पिठात किंवा स्पिरुलिनासारख्या शेवाळात बी-१२ मिळते असे ऐकवले जाते. त्यावर विसंबू नये. शेवाळात जे असते त्यातले बरेच माणसाच्या कामाचे नसते.

आहाराशिवाय शोषणाचाही प्रश्न असतो. जठरात तयार होणाऱ्या एका प्रथिनाचा हात धरल्याशिवाय बी-१२ आतड्यातून नीट शोषले जात नाही, आणि एका वेळी या मार्गाने जेमतेम दोन मायक्रोग्रॅम आत जातात. वाढत्या वयात जठराचे आम्ल कमी होते. पित्तासाठी वर्षानुवर्षे घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांनी ते मुद्दाम कमी केले जाते. मधुमेहात दिली जाणारी मेटफॉर्मिनही बी-१२चे शोषण घटवते. मधुमेह, पित्ताची रोजची गोळी आणि शाकाहार हे तिन्ही एकत्र आलेली माणसे महाराष्ट्रातल्या घराघरांत आहेत. त्यांच्या पायाच्या मुंग्या मधुमेहामुळे असतील असे गृहीत धरून बी-१२ न तपासणे ही मोठी चूक ठरते.

मेथिलेशन ‘तपासण्याची’ एकच अशी तपासणी नाही. ते चक्र नीट चालले आहे का, याचा अंदाज काही पदार्थांच्या मापांवरून बांधावा लागतो. पहिले माप बी-१२चे. रक्तरसात मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमपेक्षा कमी असेल तर उणीव समजतात. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. या पट्ट्यात आकडा आला तर मेथिलमॅलॉनिक आम्ल किंवा होलोट्रान्सकोबालामिन, म्हणजे पेशींना प्रत्यक्ष उपलब्ध असलेले बी-१२, मोजून शंका फिटते. मेथिलमॅलॉनिक आम्ल फक्त बी-१२च्या उणिवेत वाढते, फोलेटच्या नाही. मूत्रपिंड बिघडले तरी ते चढते, एवढे ध्यानात ठेवावे. दुसरे माप होमोसिस्टिनचे. लिटरला पाच ते पंधरा मायक्रोमोल ही प्रौढांसाठीची नेहमीची मर्यादा. ते बी-१२, फोलेट आणि बी-६ या तिन्हींच्या कमतरतेत वाढते. शिवाय थायरॉइड मंदावला, मूत्रपिंडे थकली, तंबाखू ओढली तरी वाढते. म्हणून होमोसिस्टिनचा आकडा एकटा वाचून उपयोग नाही.

या तपासणीचा कस मात्र प्रयोगशाळेपेक्षा रक्त काढणाऱ्याच्या हातात जास्त असतो. दंडावरून काढलेले रक्त, गुठळी होऊ न देणारे द्रव्य असलेल्या नळीत घेतले, की ती नळी लगेच बर्फात ठेवायची. कारण नळीतल्या तांबड्या पेशी जिवंतच असतात आणि त्या होमोसिस्टिन बाहेर टाकत राहतात. खोलीच्या तापमानाला नळी तशीच राहिली तर आकडा तासाला सुमारे दहा टक्क्यांनी फुगतो. तासाभरात ती यंत्रात फिरवून पेशी तळाशी बसवल्या आणि वरचा पिवळसर द्रव वेगळा काढला, की आकडा स्थिर राहतो. सकाळी नऊला तालुक्याच्या गावी काढलेले रक्त दुपारच्या गाडीने शहरातल्या प्रयोगशाळेत गेले आणि मध्ये बर्फ नसेल, तर बारा असलेला आकडा अठरा-वीस येऊ शकतो. मग निरोगी माणूस घाबरतो आणि गोळ्यांवर पैसे खर्च करतो. होमोसिस्टिन तपासायला जाणाऱ्याने रक्त उपाशीपोटी घेतात का आणि नळी बर्फात ठेवतात का, हे दोन प्रश्न विचारावेत. ते विचारणे हा रुग्णाचा हक्कच आहे.

जनुकांच्या तपासण्यांतली अडचण वेगळी आहे. एमटीएचएफआर हे जनुक फोलेटला मेथिल रूप देणाऱ्या विकराची माहिती बाळगते. १९९५मध्ये त्यातला ६७७व्या जागेवरचा बदल सापडला: तिथे सी ऐवजी टी असेल तर विकर कमजोर होते, दोन्ही प्रतींत टी असेल तर ते जेमतेम तीसेक टक्के ताकदीने चालते. हे शास्त्र खरे आहे. पण या एका बदलावरून थकवा, वंध्यत्व, नैराश्य, गर्भपात अशी सगळी दुखणी जोडून हजारो रुपयांची तपासणी आणि नंतर ‘मेथिल’ लिहिलेली महागडी जीवनसत्त्वे विकली जातात, त्याला आधार नाही. अमेरिकेतील वैद्यकीय आनुवंशिकी तज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ सालीच सांगितले आहे की वारंवार होणारे गर्भपात किंवा रक्ताच्या गुठळ्या यांच्या तपासात ही चाचणी करू नये. दोन्ही प्रतींत टी असलेली माणसेही साधे फॉलिक आम्ल वापरू शकतात, आणि फोलेट पुरेसे असेल तर त्यांचे होमोसिस्टिन बहुधा थोडेच वाढते. शिवाय हे विकर बी-२ जीवनसत्त्वावर चालते, त्यामुळे दूध, अंडी, हिरव्या भाज्या खाणे इथेही उपयोगी पडते. दोन्ही प्रतींत टी असण्याचे प्रमाण भारतीयांत युरोपीयांपेक्षा बरेच कमी आहे. भारतीय माणसाच्या वाढलेल्या होमोसिस्टिनचे कारण जनुकात शोधण्याआधी बी-१२मध्ये शोधावे.

डीएनएवरचे मेथिल गट मोजण्याचे तंत्र याहून वेगळे. काही ठिकाणी ते रुग्णालयात रोजच्या कामाचे झाले आहे. मेंदूतल्या ग्लायोब्लास्टोमा या गाठीत एमजीएमटी जनुक मेथिलेशनमुळे बंद झाले असेल तर टेमोझोलोमाइड हे औषध अधिक लागू पडते, असे २००५ साली दिसले. प्रॅडर-विली या जन्मजात विकाराचे निदान मेथिलेशन तपासूनच केले जाते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी शौचाच्या आणि रक्ताच्या अशा चाचण्या परदेशांत मान्यताप्राप्त आहेत. दुसरीकडे, २०१३मध्ये स्टीव्ह हॉर्वाथ यांनी डीएनएवरच्या ३५३ जागांच्या मेथिलेशनवरून माणसाचे वय अंदाजण्याचे गणित मांडले. त्यावरून ‘जैविक वय’ सांगणाऱ्या घरपोच चाचण्या निघाल्या. संशोधनासाठी हे साधन अमोल आहे. पण एकाच रक्ताच्या नमुन्याची दोनदा तपासणी केली तर काही घड्याळांत नऊ वर्षांपर्यंत फरक पडतो, असे २०२२ साली दाखवले गेले. त्यामुळे तीन महिने कुठली पूड घेतली आणि वय चार वर्षांनी उतरले, या दाव्याला अर्थ उरत नाही. आणि मेथिलेशन ‘वाढवणे’ हे ध्येयच चुकीचे आहे. कर्करोगात अनेकदा पेशीला आवर घालणारी जनुके मेथिल गट बसूनच बंद पडलेली असतात. योग्य ठिकाणी योग्य वेळी मेथिलेशन व्हावे, एवढीच गरज असते.

ती वेळ सर्वांत नाजूक असते ती गर्भाच्या पहिल्या आठवड्यांत. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. त्या काळात गर्भधारणा झालेल्या माणसांच्या आयजीएफ-२ जनुकावरचे मेथिलेशन सहा दशकांनंतरही त्यांच्या भावंडांपेक्षा कमी आढळले. गर्भाचा मज्जानल, म्हणजे पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होणारी नळी, गर्भधारणेनंतर सुमारे अठ्ठावीस दिवसांत बंद होतो. बहुतेक स्त्रियांना तोवर दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत, मज्जानलाचा दोष असलेले मूल आधी झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेआधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल दिल्यावर तो दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. म्हणून मूल हवे असलेल्या प्रत्येक स्त्रीने निदान एक महिना आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घ्यावे असे सांगितले जाते. दिवस राहिल्यावर सुरू केलेली गोळी आईच्या रक्ताला उपयोगी पडते, पण मज्जानलासाठी बहुधा उशीर झालेला असतो.

पुण्याच्या संशोधकांनी हाच विचार बी-१२साठी पुढे नेला. त्या सहा गावांत जन्मलेली मुले-मुली मोठी झाली, तेव्हा २०१२ साली ‘प्रिया’ ही चाचणी सुरू झाली. त्यातील तरुण-तरुणींना दिवसाला फक्त २ मायक्रोग्रॅम, म्हणजे जवळपास रोजच्या आहाराइतके बी-१२ देण्यात आले. काहींना त्याबरोबर इतर सूक्ष्म पोषक घटकही. मुली लग्न होऊन आई झाल्यावर त्यांच्या बाळांचे वजन फारसे बदललेले नव्हते. पण नुसते बी-१२ मिळालेल्या आयांच्या दोन वर्षांच्या मुलांचा बौद्धिक आणि भाषिक विकास सरस आढळला. हे काम लहान आहे, त्यावर आणखी मोठ्या चाचण्या हव्यात. तरी ज्या गावांत आजी-आजोबांच्या पिढीपासून नोंदी आहेत, तिथे इतक्या स्वस्त गोष्टीचा तिसऱ्या पिढीवर परिणाम दिसावा, हे महाराष्ट्राने अभिमानाने आणि गांभीर्याने घ्यावे असे आहे.

सुधारणेचा मार्ग यातून स्पष्ट होतो. शाकाहारी माणसाने रोज अर्धा लिटरच्या आसपास दूध किंवा तितके दही घेतले तर बी-१२ची गरज बऱ्याच अंशी भागते. अंडी चालत असतील तर तीही उपयोगी, त्यात कोलिनही आहे. ते न जमणाऱ्याने आणि वयस्कर, मधुमेही, पित्ताच्या गोळ्या घेणाऱ्या माणसांनी गोळीचा आधार घ्यावा. बी-१२च्या मोठ्या डोसमधला सुमारे एक टक्का भाग जठरातल्या त्या प्रथिनाशिवायही आत जातो, त्यामुळे ५०० किंवा १००० मायक्रोग्रॅमची गोळी तोंडाने घेऊनही बहुतेकांची उणीव भरून निघते. चालताना तोल जात असेल, पायाची संवेदना गेली असेल, तर इंजेक्शन लागते आणि ते डॉक्टरांनीच ठरवावे. मेथिलकोबालामिन की सायनोकोबालामिन, यावर औषधाच्या दुकानात फार वेळ घालवू नये. पेशीत गेल्यावर दोन्हींचे वरचे टोक गळून पडते आणि पेशी स्वतःला हवे ते रूप बनवून घेते. फॉलिक आम्ल बी-१२ बरोबर घ्यावे, आणि मेथी, पालक, हरभरा, मूग यांतले फोलेट उकळून ओतून देऊ नये. दारू आणि तंबाखू सोडणे हेही या उपायांत येते. धूम्रपान करणाऱ्यांच्या डीएनएवर एएचआरआर या जनुकाच्या जागी मेथिलेशन घटलेले असते आणि ते सोडल्यानंतर वर्षावर्षाने पुन्हा सावरत जाते. उपचार सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांनी बी-१२ आणि होमोसिस्टिन पुन्हा तपासून पाहावे. होमोसिस्टिन उतरले नसेल तर थायरॉइड आणि मूत्रपिंडाकडे वळावे.

सार्वजनिक पातळीवर एक उणीव अजून तशीच आहे. २०१८पासूनच्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात किशोरवयीन मुलींना आणि स्त्रियांना आठवड्याला, गरोदर स्त्रियांना रोज, लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची गोळी दिली जाते. त्या गोळीत बी-१२ नाही. ज्या समाजात फोलेट बहुतेकांकडे पुरेसे आणि बी-१२ बहुतेकांकडे अपुरे आहे, तिथे आणखी फोलेट देऊन बी-१२ वगळणे म्हणजे बंद फाटकापुढची रांग वाढवणे. लोह आणि फॉलिक आम्लाच्या त्याच गोळीत दोन-चार मायक्रोग्रॅम बी-१२ घालण्याने खर्च नगण्य वाढेल, आणि ती आशा सेविका व अंगणवाडीमार्फत आज ज्या हातांत पोहोचते त्याच हातांत पोहोचेल. शाळेच्या जेवणात दुधाचा किंवा अंड्याचा वाटा वाढवणे हा त्याला पूरक मार्ग आहे. या दोन्ही गोष्टींसाठी नव्या शोधाची वाट पाहण्याची गरज नाही. लागणारी माहिती पुण्याच्या आसपासच्या सहा गावांनी तीन दशके रक्त देऊन गोळा करून दिली आहे.